मुक्त प्रवेश (उच्च शिक्षण)

बारावीचे प्रमाणपत्र नसलेल्या प्रौढ व्यक्तीस वय आणि प्रवेशपात्रता परीक्षा यांच्या आधारे पदवी शिक्षणक्रमास दाखल करून घेण्याची पद्धत. महाराष्ट्रात ती नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या (स्थापना १९८९) ‘पूर्वतयारी’ या प्रवेशपूर्व शिक्षणक्रमामुळे परिचित आहे.

या पद्धतीचा उगम कोठे धरावा, हे ‘मुक्त’ शब्दाचा अर्थ काय घ्यावा यावर अवलंबून आहे. व्यापक अर्थ घेणारे तो लंडन विद्यापीठाच्या १८५८ च्या सनदेपर्यंत मागे नेतात. त्या सनदेने संलग्न महाविद्यालयात शिकण्याची अट काढली आणि बहिःस्थ विद्यार्थ्याला परीक्षेची वाट मिळाली. मॅट्रिक्युलेशनची (विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची) अट मात्र तशीच राहिली. म्हणजे बंधन सुटले ते स्थळाचे, पात्रतेचे नव्हे. म्हणून ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीपासून (राजसनद १९६९, अध्यापन १९७१) आरंभ धरणे अधिक सयुक्तिक. तिने पदवीसाठी पूर्वपात्रताच मागितली नाही. ‘मुक्त’ आणि ‘दूरस्थ’ हे शब्द मराठीत सर्रास एकमेकांच्या जागी येतात, त्यात हा भेद पुसला जातो. दिल्ली विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण (१९६२) दूरस्थ होते, या अर्थाने मुक्त नव्हे.

भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबाद येथे १९८२ मध्ये निघाले (आताचे डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ). इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चे. त्याच वर्षीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी दूरस्थ पदवीसाठी बारा वर्षांचे शालेय शिक्षण आवश्यक ठरवले. पूर्वीची शैक्षणिक नोंद नसल्यास विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आणि प्रवेशवर्षाच्या १ जुलैस किमान २१ वर्षे वय, अशी सवलत ठेवली. इंदिरा गांधी विद्यापीठाने मात्र नुसत्या परीक्षेऐवजी सहा महिन्यांचा पूर्वतयारी शिक्षणक्रम आखला आणि त्याला वयाची अट १८ ठेवली.

नाशिकची पूर्वतयारी उत्तीर्ण होणे म्हणजे बारावी होणे नव्हे. तिने त्याच विद्यापीठाच्या कला, वाणिज्य अशा शाखांची दारे उघडतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी देणे हा मार्ग निराळा. त्यात शाळा टळते, मंडळाची परीक्षा टळत नाही.

दक्षिणेत काही विद्यापीठांनी ही सैल वाट आणखी पुढे नेली आणि पहिली पदवी नसणाऱ्यांनाही पदव्युत्तर वर्गात घेतले. तमिळनाडूतील चित्रपट-दूरचित्रवाणी संस्थेच्या प्राचार्यपदावरील नेमणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अशी पदवी १९८५ च्या विनियमांविरुद्ध ठरवली. बारावीविना पदवी आणि पदवीविना पदव्युत्तर पदवी यांची गल्लत मात्र या निकालाचा हवाला देताना होऊ नये. त्याचा रोख दुसऱ्या प्रकारावर होता.