पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार: ८२३ वर्षांचा योग खरा का?

"या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार. हा धनयोग ८२३ वर्षांतून एकदाच येतो, पुढे पाठवा." रविवार कारंज्यापासून सातपूरपर्यंत नाशिककरांच्या मोबाइलवर हा निरोप वर्षानुवर्षे फिरतो. पाठवणाऱ्याची भावना चांगली असते, आणि आकडा इतका नेमका की खरा वाटतोच.

आता हिशेब करू. ३१ दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर तीन दिवस. म्हणून ३१ दिवसांच्या कोणत्याही महिन्यात १, २ आणि ३ तारखेचे वार पाच वेळा येतातच, उरलेले चार वार चारदा. १ तारीख शुक्रवारी आली की झाला योग! ३१ दिवसांचे महिने वर्षात सात असतात. त्यांपैकी १ तारखेला शुक्रवार असलेले काही: डिसेंबर २०२३, मार्च २०२४, ऑगस्ट २०२५, मे २०२६. घरातली जुनी कॅलेंडरं टाकली नसतील तर मोजून बघा. २०२१ मध्ये जानेवारी आणि ऑक्टोबर असे दोन महिने होते. २०१८ सारखं एखादं वर्ष मात्र रिकामं जातं.

८२३ वर्षांचं अंतर तर शक्यच नाही. इंग्रजी दिनदर्शिकेच्या ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे असतात. त्यानंतर तारीख-वारांचा तोच क्रम पुन्हा सुरू होतो.

निरोपात कधी चिनी परंपरेचाही दाखला असतो. तिथे ४ अशुभ आणि ८ शुभ मानतात ते उच्चारामुळे: ४ चा उच्चार 'मृत्यू'च्या शब्दाजवळचा, ८ चा भरभराटीच्या. महिन्यात किती शुक्रवार आले, याचा त्याच्याशी संबंध नाही.