नाईक यशवंत घाडगे : माणगाव ते मोंतोने

मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणगावात तहसील कार्यालयाजवळ एका सैनिकाचा पुतळा आहे. नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा इटलीत लढताना पडला, तेव्हा त्याचं वय होतं अवघं २२.

रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. डोंगरउताराची भातशेती, पावसाळा सरला की हाताला काम नाही, मग एक तर मुंबईची गिरणी नाही तर पलटण. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या कित्येक घरांची चूल मनिऑर्डरवर पेटायची. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेनेत सुमारे २५ लाख माणसं होती आणि सक्तीची भरती नव्हती, हे खरं. पण गरिबीने पलटणीत आणलेल्यांनाही ‘स्वेच्छेने आले’ म्हणताना जरा थांबायला हवं. त्याने त्यांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही.

यशवंत घाडगे ज्या ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीत (म्हणजे ५व्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमध्ये) होते, ती नावाजलेली पलटण होती. १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या लढाईत तिने नाव कमावलं होतं. तिथे तिचं नेतृत्व करणारे डेनिस रीड पुढे इजिप्तच्या वाळवंटात शत्रूच्या हाती सापडले, इटलीतल्या कैदेतून निसटले आणि १९४४ मध्ये त्याच इटलीत १०व्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख झाले. ३/५ मराठा याच डिव्हिजनमध्ये होती.

४ जून १९४४ रोजी रोम पडलं. जर्मन फौजा उत्तरेकडे हटत होत्या, पण सहजासहजी नाही. मागे बचावाची नवी फळी उभी राहीपर्यंत वेळ काढायचा, म्हणून प्रत्येक टेकडीवर मशीनगन लावून बसायचं, हा त्यांचा डाव. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंब्रिया प्रांतात, जुलैच्या सुरुवातीला १०वी डिव्हिजन अशीच टेकडीमागून टेकडी घेत पुढे सरकत होती. मोंतोने हे याच भागातलं टेकडीवर वसलेलं जुनं गाव.

१० जुलैला ३/५ मराठाच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे तिच्यातल्या एका सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्यांच्या हाताखालचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. सोबतीला कोणी उरलं नाही हे दिसत असूनही ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्याने बंदूक आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. दुसऱ्याला टॉमीगनने (हातात धरायच्या छोट्या मशीनगनने) टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरली आणि तिच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना संपवलं. तेवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला.

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हा सन्मान भारतीय सैनिकांना मिळण्याची वाटच मुळी १९११ साली खुली झाली होती. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा भारतीय सेनेतल्या जवानांना. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे दोन : घाडगे आणि संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव. जाधव युद्धातून जिवंत परतले.

घाडगेंचा देह मात्र सापडला नाही. रोमच्या दक्षिणेला कासिनो इथल्या स्मारकावर, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावं कोरलेली आहेत. त्यांत त्यांचं नाव आहे. घरच्यांना ना अंत्यविधी करता आला, ना राख मिळाली.

स्वातंत्र्यानंतर या आठवणीची पंचाईत झाली. पदक इंग्रजांचं, युद्ध साम्राज्याचं. नव्या देशाच्या वीरगाथेत या माणसांना बसवायचं कुठे? माझ्या मते हा संकोच अन्यायाचा होता. युद्ध कुणी पुकारलं हे पळसगावच्या पोराने ठरवलं नव्हतं. माणगावकरांनी मात्र त्यांना कधी परकं मानलं नाही; पुतळा उभा राहिला, दरवर्षी स्मृतिसोहळाही होतो. देशपातळीवर गाजावाजा झाला तो बऱ्याच उशिरा. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेची नगरपालिका आणि इटलीतल्या युद्ध-इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून घाडगेंच्या नावाचं सूर्यघड्याळ स्मारक म्हणून उभारलं. ‘आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो’ असं त्यावरचं लॅटिन बोधवाक्य आहे.

इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. घाडगेंचं नाव निदान पदकामुळे टिकलं. बाकीच्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी आज ‘आजोबा लढाईत गेले’ एवढंच माहीत असतं. राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली आहे. भारतीय जवानांच्या बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. फक्त नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे घालून पाहावं लागतं, कारण त्या काळच्या कारकुनांनी मराठी नावं कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत.