स्प्रिंकलरमधून दिलेलं द्रवखत पानं पितात का?

गोल्फच्या मैदानांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: पाण्यातून सोडलेलं द्रवखत गवताची पानंच शोषतात, म्हणून ते दाणेदार खताच्या निम्मं पुरतं.

आधी पाण्याचा हिशोब पाहू. 1 मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर. 5 मिमी सिंचनात हेक्टरी 50,000 लिटर पाणी पडतं. पानांवरच्या फवारणीला काहीशे लिटर पुरतात. एवढ्या पाण्यात खत पानांवर टिकत नाही. बहुतेक मातीत उतरतं आणि मुळंच ते घेतात. युरियात 46 टक्के नत्र असतं, युरिया विरघळवल्याने ते वाढत नाही.

खरा फायदा वेगळा आहे, आणि तो मोलाचा आहे: थोडं थोडं, वारंवार देता येतं. वाळूवर बांधलेल्या ग्रीनला (चेंडूच्या खळग्याभोवतीच्या अगदी आखूड कापलेल्या गवताला) हे फार मानवतं, कारण एकदम दिलेलं नत्र तिथून झिरपून जातं.

खत सारखं पसरतं का, हे स्वतः तपासा. एकाच मापाचे डबे गवतावर ठरावीक अंतराने ठेवा, स्प्रिंकलर चालवा, पाणी मोजा. जिथे पाणी कमी, तिथे खतही कमी. पाण्यातलं खत विद्युत वाहकतेवरून मोजणाऱ्या मीटरवर मात्र विसंबू नका. युरिया त्यावर जवळजवळ दिसतच नाही.