डिजिटल गिफ्ट कार्ड : बेळगाव सीमाभागातील व्यापारी बक्षीस योजना

डिजिटल गिफ्ट कार्ड म्हणजे ठरावीक रकमेची खरेदी करण्याचा हक्क देणारा सांकेतिक क्रमांक. तो मोबाइलवर एसएमएस, व्हॉट्सॲप किंवा ईमेलने येतो. सोबत बहुधा पिन असतो आणि मुदतीची तारीख असते. नाव कार्ड असले तरी हातात घेण्यासारखे काही नसते. कंपन्या, घाऊक व्यापारी आणि कारखानदार ते विक्रेत्यांना, कारागिरांना व कामगारांना बक्षीस म्हणून देतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशा बक्षिसाचे मानकरी मुख्यतः तीन : सिमेंट, रंग, वायर, खते विकणारे दुकानदार, तो माल प्रत्यक्ष वापरणारे गवंडी, रंगारी, वायरमन, प्लंबर, आणि उद्यमबाग, मच्छे भागातल्या फाउंड्री व यंत्रभाग कारखान्यांतले कामगार.

बक्षिसाची रीत इथे जुनीच आहे. दिवाळीची पोस्त, कुंद्याचा डबा, कामगारांना स्टीलची भांडी, टार्गेट पुरे करणाऱ्या डीलरला सोन्याचे नाणे किंवा परदेशी सहल, हे सगळे गिफ्ट कार्डाच्या आधीपासून चालत आले. बदल कुठे झाला ते रंगाच्या बादलीत नीट दिसते. रंगारी स्क्रूड्रायव्हरने झाकण उचकटतो आणि आतले टोकन आधी काढून घेतो. बोटाने पुसून ते खिशात टाकतो, मगच रंगात पाणी घालायला घेतो. पूर्वी अशी टोकने साठवून दुकानात नेली की दुकानदार रोख पैसे देई किंवा उधारीत वळती करून घेई. आता टोकनावर क्यूआर कोड असतो. तो कंपनीच्या ॲपमध्ये स्कॅन केला की पॉइंट जमा होतात आणि पुढे त्यांचे बँक खात्यात पैसे तरी होतात किंवा गिफ्ट कार्ड तरी. या व्यवहारातून दुकानदार बाजूला पडला. रंगाऱ्याचा नंबर, तो कुठल्या गावात किती माल वापरतो, ही माहिती थेट कंपनीकडे जाऊ लागली. कंपनीला कार्डाचे आकर्षण वाटते त्यात या माहितीचा वाटा मोठा आहे. उधारी वळती करण्याची सोय मात्र गेली. पावसाळ्यात काम बंद पडलेल्या रंगाऱ्याला ती सोय कार्डापेक्षा मोलाची होती, हे नोंदवलेच पाहिजे.

व्यवहार असा चालतो. कंपनी एखाद्या मध्यस्थ संस्थेकडून निरनिराळ्या दुकानांची कार्डे घाऊक घेते. मोठ्या खरेदीवर तिला दर्शनी किमतीत थोडी सूट मिळते. मध्यस्थाची संगणक प्रणाली प्रत्येक मोबाइल क्रमांकाला स्वतंत्र कोड पाठवते, आणि कुणी कार्ड वापरले, कुणाचे पडून आहे, याचा हिशेब कंपनीला देते. भारतात या धंद्याची पायाभरणी करणाऱ्यांत बेंगळुरूची क्विकसिल्व्हर ही कंपनी होती. ती २००६ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये पाइन लॅब्स या पेमेंट क्षेत्रातल्या कंपनीने विकत घेतली. नाण्यांची वाटणी, कुरियर, गोदाम, फुटलेले घड्याळ बदलून देणे असल्या कटकटी कार्डाने संपतात. शंभर रुपयांचे बक्षीसही पाठवायला परवडते. रोख रक्कम घरखर्चात विरून जाते, कार्ड मात्र भेट म्हणून लक्षात राहते, असा युक्तिवाद कार्डाच्या बाजूने नेहमी केला जातो. महिना नीट भागणाऱ्या घरात तो खरा ठरतो. ज्या घरात किराण्याचीच ओढाताण आहे तिथे रोखीला पर्याय नाही.

कार्डांचे कायद्याच्या दृष्टीने दोन प्रकार पडतात. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच मालासाठी काढलेले कार्ड 'बंद' प्रकारचे. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, आणि त्याची मुदतही दुकान ठरवेल ती. अनेक दुकानांत चालणारे कार्ड मात्र बँकेने किंवा परवानाधारक संस्थेनेच काढावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनुसार अशा एका गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये आहे. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, ते रोखीत मोडता येत नाही आणि मुदत किमान १ वर्षाची असावी लागते. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत धारकाला सूचना देणेही बंधनकारक आहे. या फरकाचा बेळगावच्या बाजाराशी जवळचा संबंध आहे. गणपत गल्लीतला एखादा कापडवाला स्वतःचे कार्ड काढून उद्यमबागेतल्या कारखान्याला विकू शकतो. पण गल्लीतल्या वीस दुकानदारांनी मिळून सगळीकडे चालणारे एक कार्ड काढायचे म्हटले, तर परवान्याचा प्रश्न येतो. म्हणून कारखान्यांची बक्षिसे बहुधा मोठ्या साखळी दुकानांकडे आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडे वळतात आणि गावचा दिवाळीचा पैसा गावाबाहेर जातो. एकेका स्थानिक दुकानाशी वेगळा करार करून हे बरेचसे टाळता येते. तेवढी खटपट कारखान्यांनी जरूर करावी, कारण कामगाराच्या घरचे लोक त्याच गल्लीत खरेदी करतात.

करांचा भाग डीलरांना नीट ठाऊक असणे गरजेचे आहे. व्यवसायातून मिळणाऱ्या लाभावर १० टक्के करकपात करण्याची तरतूद १ जुलै २०२२ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १९४-आर या कलमाने आली. वर्षभरात एका देणाऱ्याकडून मिळालेल्या लाभांची बेरीज २०,००० रुपयांवर गेली की कपात पूर्ण रकमेवर होते. म्हणजे रविवार पेठेतल्या एखाद्या घाऊक दुकानदाराला एकाच कंपनीकडून २५,००० रुपयांची कार्डे मिळाली, तर ५,००० वर नव्हे, २५,००० वर २,५०० रुपये कर कापावा लागतो. अशी कपात प्राप्तिकर विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. पॅन मात्र कंपनीकडे बरोबर नोंदलेला हवा. गिफ्ट व्हाउचरवर, म्हणजे अशाच कार्डांवर, जीएसटी लागतो का, हा वाद बरीच वर्षे चालला. कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये व्हाउचरच्या विक्रीवर कर लागत नाही असा निर्णय दिला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय परिपत्रकानेही व्हाउचरचा व्यवहार म्हणजे वस्तूचा किंवा सेवेचा पुरवठा नव्हे, हे स्पष्ट केले. कर लागतो तो त्या व्हाउचरवर घेतलेल्या मालावर.

कामगारांच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. गिफ्ट कार्ड म्हणजे पगार नव्हे आणि बोनसही नव्हे. कायद्याने देय असलेला बोनस, म्हणजे किमान ८.३३ टक्के, पैशांतच द्यावा लागतो. दिवाळीला 'यंदा बोनसऐवजी कार्ड' असे कुणी म्हणत असेल, तर ते बेकायदा आहे. बोनस देऊन वर कार्ड दिले तर ती भेट.

सीमाभागात कार्डाचे खरे मोल ठरते ते वापरण्याच्या सोयीवर. जांबोटी किंवा कणकुंबीकडच्या गवंड्याला बेळगावातल्या साखळी दुकानाचे ३०० रुपयांचे कार्ड मिळाले, तर एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला रोज वजा जाता हाती काय उरते? निपाणीकराला कोल्हापूर सोयीचे, चंदगड तालुक्यातल्या माणसाला बेळगाव. देशभर चालणाऱ्या कार्डाला राज्याची हद्द आड येत नाही, आणि हा त्याचा मोठा गुण आहे : बेळगावच्या डीलरकडून मिळालेले कार्ड कोल्हापुरात वापरता येते. त्यासाठी योजना आखतानाच मानकऱ्याला विचारायला हवे, की बाबा, तू खरेदीला जातोस कुठे? पेट्रोल, मोबाइल रिचार्ज, किराणा, अवजारे यांची कार्डे इथल्या कारागिरांच्या उपयोगी पडतात. कामगारांसाठी दिवाळीखालोखाल सोयीची वेळ जूनची, कारण शाळा आणि पाऊस एकदमच येतात : वह्या, दप्तर, रेनकोट, चपला.

भाषेचा अडथळा याहून मोठा आहे. कार्डाचे मेसेज बहुधा इंग्रजीत येतात. चाळीस वर्षे मराठीत हिशेब ठेवणारा गवंडी तो मेसेज बँकेची जाहिरात समजून पुसून टाकतो, किंवा संध्याकाळी मुलगा कॉलेजमधून आला की त्याच्यापुढे फोन धरतो. फोन पुष्कळदा मुलाच्याच नावावर असतो, नंबर बदललेला असतो, आणि बक्षीस भलत्याच्याच हाती जाते. उपाय अवघड नाही. कंपनीच्या मेसेजपाठोपाठ डीलरने स्वतः एक मराठी मेसेज पाठवावा : 'तुमचं ५०० रुपयांचं कार्ड आलंय. वरच्या मेसेजमधले १६ आकडे अमुक दुकानात काउंटरवर दाखवा. ३१ मार्चच्या आत वापरा. पिन फोनवर कुणालाही सांगू नका.' कन्नड वाचणाऱ्यांना कन्नडमध्ये, उर्दू वाचणाऱ्यांना उर्दूत. या बाजारात तिन्ही भाषांचे कारागीर एकाच दुकानाच्या पायरीवर बसलेले असतात.

मेसेजातले पिनचे वाक्य वगळू नये. कोड आणि पिन ज्याच्या हाती, त्याचे कार्ड. एकदा वापरले गेले की रक्कम परत मिळणे फार कठीण. 'तुमच्या पॉइंटचं कार्ड झालंय, ओटीपी सांगा' असे फोन येतात. मालकाचा फोटो लावलेल्या नंबरवरून हिशेबनिसाला 'मी मीटिंगमध्ये आहे, दहा कार्डं घेऊन कोड पाठव' असा निरोप येतो. मालकाच्या ओळखीच्या नंबरवर उलट फोन केल्याशिवाय कोड पाठवू नये. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार द्यावी.

न वापरलेल्या कार्डांची रक्कम शेवटी कुणाकडे राहते, हे करारावर अवलंबून असते. ती बक्षीस देणाऱ्या कंपनीकडे परत येते, असे पुष्कळ जण धरून चालतात. करारात तसे कलम नसेल तर ती कार्ड काढणाऱ्याकडेच राहू शकते. काही व्हाउचर एकाच खरेदीत संपवावी लागतात : ५०० च्या व्हाउचरवर ४२० चा माल घेतला तर ८० रुपये बुडतात. त्यामुळे इथल्या लहान रकमांच्या योजनांना शिल्लक टिकवणारी कार्डेच योग्य. महिन्याच्या महिन्याला न वापरलेल्या कार्डांची यादी मध्यस्थाकडून मागवता येते. ती डीलरने समोर घ्यावी आणि एकेकाला फोन लावावा. यादीतल्या बऱ्याच जणांना आपल्याला कार्ड मिळाले आहे, हेच तोवर कळलेले नसते.