रेडिओ चालू होता, पण ऐकत कोण होतं?

आत्याच्या स्वयंपाकघरात मीठ-मिरचीच्या बरण्यांशेजारी फळीवर एक रेडिओ असतो. पहाटे साडेपाचला तो सुरू होतो आणि दुपारची जेवणं उरकली की बंद होतो. मागच्या महिन्यात इस्लामपूरला गेले होते, तेव्हा तिला विचारलं, "आत्या, काल सकाळी किती वेळ रेडिओ ऐकलास गं?"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "चालूच असतोय की."

"चालू असतो गं, पण तू ऐकलास किती?"

तिचा हात थांबला. "अभंग लागलेले, ते ऐकले. मग कुकर लावला. बाजारभाव सांगत होते, तेवढ्यात दूधवाला आला. नंतर काय लागलं होतं, नाही बघ ध्यानात."

रेडिओच्या श्रोत्यांची मोजदाद करणाऱ्यांपुढचा सगळा पेच आत्याच्या या उत्तरात आहे. 'ऐकणं' कशाला म्हणायचं? संच चालू असला म्हणजे? आवाज कानावर पडला म्हणजे? की लक्षात राहिलं म्हणजे? यातली जी व्याख्या धराल तसा आकडा बदलतो. त्याच आकड्यावर जाहिरातींचे पैसे ठरतात आणि कुठलं केंद्र टिकणार, कुठलं बंद पडणार हेही बऱ्याच अंशी ठरतं. म्हणून हा आकडा कसा तयार होतो, ते नीट समजून घ्यायला हवं असं मला फार वाटतं.

वर्तमानपत्राचे किती अंक खपले ते मोजता येतं, नाटकाची तिकिटं मोजता येतात. रेडिओचं तसं नाही. मनोऱ्यावरून लहरी चहूकडे जातात. त्या एक लाख संचांनी पकडल्या काय किंवा एकानेही पकडल्या नाहीत काय, मनोऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. संच फक्त घेतो, उलट काही पाठवत नाही.

म्हणजे, जवळजवळ पाठवत नाही. नेहमीच्या एफएम संचात केंद्र पकडण्यासाठी आतल्या आत एक लहर तयार केली जाते. तिची वारंवारता बहुधा लावलेल्या केंद्रापेक्षा १०.७ मेगाहर्ट्‌झने जास्त असते. तुम्ही ९८.३ लावलं असेल, तर संचाच्या पोटात १०९.० ची लहर उठते आणि तिचा अगदी क्षीण अंश बाहेर झिरपतो. अमेरिकेत काही ठिकाणी रस्त्याकडेला संवेदक बसवून जाणाऱ्या मोटारींतून झिरपणारी ही लहर टिपत असत आणि कुठल्या गाडीत कुठलं केंद्र लागलंय ते मोजत असत. गाडीवाल्याला काही विचारायची गरजच नाही! मला ही युक्ती फार आवडते. पण गाडीत कोण बसलंय, त्याचं वय काय, तो ऐकतोय की शेजारच्याशी भांडतोय, हे त्या लहरीतून कळत नाही. नव्या चिपवरच्या रेडिओंची रचनाही वेगळी असते, त्यामुळे हा मार्ग फार पुढे गेला नाही.

आपल्याकडे एके काळी रेडिओचं लायसन्स असायचं. दर वर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तकात तिकीट लावून आणायचं. त्यावरून देशात किती संच आहेत ते कळे, कोण काय ऐकतं ते नाही. ते कळायचं पत्रांवरून. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानींच्या नावाने हजारोंनी पत्रं येऊ लागली. फर्माइशींमुळे झुमरी तलैया या लहानशा गावाचं नाव देशभर झालं. आता तेवढ्यावरून झुमरी तलैयात मुंबईपेक्षा जास्त श्रोते होते असं कुणी म्हणेल का? तिथल्या मंडळींना पत्रं लिहायची हौस होती, एवढंच त्यातून सिद्ध होतं. पत्र लिहिणारे आपण होऊन पुढे येतात आणि आत्यासारख्या, चाळीस वर्षं ऐकून एकही कार्ड न टाकणाऱ्या बायका कुठल्याच मोजणीत येत नाहीत. आजचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि मिस्ड कॉल हीसुद्धा नव्या रूपातली पत्रंच आहेत. त्यांचाही दोष तोच.

मग उपाय काय? शितावरून भाताची परीक्षा. आपण पातेलं लहान आहे की लग्नाच्या पंगतीचं आहे ते न बघता दोन-चार शितंच दाबून बघतो. भात नीट ढवळलेला असेल तर तेवढी शितं पुरतात. संख्याशास्त्रातल्या नमुन्याचं गणितही असंच आहे. शहर दहा लाखांचं असो की एक कोटीचं, पाचशे माणसांचा नमुना जवळपास सारखीच अचूकता देतो. अट एकच: प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी मिळाली पाहिजे. वरवरची शितं घेतली तर तळाला लागलेलं कळत नाही. आणखी एक बारकावा आहे. एकाच घरातली चार माणसं म्हणजे चार वेगळी शितं नव्हेत. फळीवरचा रेडिओ एकच असतो.

निवडलेल्या माणसांना पूर्वी एक वही देत, अजूनही अनेक देशांत देतात. दिवसाचे पाव-पाव तासाचे रकाने पाडलेले असतात आणि कधी, कुठे, कुठलं केंद्र ऐकलं ते आठवडाभर लिहायचं असतं. भारतात २००७ मध्ये टॅम मीडिया रिसर्चने 'रॅम' नावाने रेडिओ-मापन सुरू केलं, तेही अशाच वहीवर, मुंबई, दिल्ली, बंगळूर या महानगरांत.

मी हा प्रयोग आमच्या घरी करून पाहिला. तिघांना तीन वह्या आखून दिल्या. सोमवारी सगळ्यांनी मन लावून लिहिलं. बुधवारपासून रकाने रिकामे राहू लागले आणि रविवारी रात्री जेवणानंतर तिघेही पेन घेऊन 'गुरुवारी संध्याकाळी मी कुठे होते?' असं आठवत बसलो. नवऱ्याच्या वहीत सातही दिवस सकाळी ८ ते ९ एकच केंद्र लिहिलेलं होतं, कारण त्याला तेवढं एकच नाव आठवत होतं. वही सवयी टिपते आणि नावं टिपते. चुकून लागलेलं, रिक्षात कानावर पडलेलं, दहा मिनिटं ऐकून बदललेलं तिच्यात उतरत नाही. निवेदक दर दोन गाण्यांमागे केंद्राचं नाव आणि आकडा का घोकतात ते मला त्या रात्री नीट कळलं. श्रोत्याला वहीत लिहिताना नाव सुचावं म्हणून ती सगळी उठाठेव असते.

पाव तासाचा हिशेब तर फारच रंजक आहे. अमेरिकेत वर्षानुवर्षं नियम असा होता की एखाद्या पाव तासात किमान पाच मिनिटं ऐकलं, तर तो अख्खा पाव तास त्या केंद्राच्या खात्यावर जमा. समजा, तुम्ही ८ वाजता रेडिओ लावला आणि ८:१० ला बंद केला. दहा मिनिटं ऐकलंत, एक पाव तास जमा झाला. आता तीच दहा मिनिटं ८:१० ते ८:२० ऐका. पाच मिनिटं पहिल्या पाव तासात, पाच दुसऱ्यात. दोन पाव तास जमा! ऐकणं तेवढंच, पण केंद्राची कमाई दुप्पट. म्हणून तिकडची केंद्रं पाव तासाच्या सीमेवरून श्रोत्याला अलगद पलीकडे नेईल असा कार्यक्रम आखायची आणि जाहिरातींच्या जागाही त्या बेताने ठरवायची. मोजपट्टी नुसतं मोजत नाही, मोजल्या जाणाऱ्या वस्तूला आकारही देते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. २०२५ पासून तिथल्या यंत्राच्या मोजणीत ही पाच मिनिटांची अट तीनवर आणली आहे.

हे यंत्रही बघण्यासारखं आहे. पेजरएवढी डबी, माणसाने दिवसभर अंगावर बाळगायची. केंद्र आपल्या आवाजातच एक सांकेतिक खूण मिसळून प्रक्षेपित करतं. ती माणसाला ऐकू येत नाही, डबीला येते. का येत नाही? मिक्सर चालू असताना शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐकू येते का? मोठा आवाज आपल्या आसपासच्या वारंवारतेचे बारीक आवाज झाकून टाकतो. आपल्या कानाचा आणि मेंदूचा तो स्वभावच आहे. खुणेचे सूर साधारण १ ते ३ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात, गाण्याच्या आडोशाला लपवलेले असतात. मात्र गाणं दमदार असेल तर आडोसा मोठा मिळतो. हलक्या आवाजातलं बोलणं किंवा मधली शांतता असेल तर लपायला जागा कमी, म्हणून खूणही क्षीण. त्यामुळे मृदू बोलणाऱ्या कार्यक्रमांची नोंद कमी होते अशी शंका तिथल्या केंद्रचालकांनी घेतली, आणि ती तर्काला धरूनच होती.

२००७ मध्ये फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टनमध्ये वही जाऊन ही डबी आली. माणसं तीच, केंद्रं तीच, तरी आकडे बदलले. लोक वहीत लिहीत होते त्यापेक्षा बरीच जास्त केंद्रं थोडा थोडा वेळ ऐकत होते असं दिसलं. निष्ठावान श्रोते असलेल्या कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषक समाजांच्या केंद्रांचे आकडे घसरले. डबी बाळगणाऱ्यांमध्ये या समाजांचं प्रतिनिधित्व नीट नाही अशी तक्रार झाली आणि २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी आर्बिट्रॉन या मापन कंपनीवर दावा लावला. पुढच्याच वर्षी तडजोड होऊन कंपनीने नमुना सुधारायचं कबूल केलं. ढवळलेला भात आणि न ढवळलेला भात, हाच वाद शेवटी न्यायालयापर्यंत गेला होता.

डबीला आत्याचं उत्तर कसं दिसलं असतं? सगळा वेळ 'ऐकलं' म्हणून. कुकर, दूधवाला सगळं त्यात धरून. वहीत दिसलं असतं फक्त अभंगापुरतं.

आकडा हाती आला की तो तीन प्रकारे मांडतात. आठवड्यात थोडा वेळ का होईना किती जणांनी ऐकलं, ती पोच. एका सरासरी पाव तासाला शंभर माणसांपैकी किती जण ते केंद्र ऐकत होते, ते रेटिंग. आणि त्या वेळी रेडिओ ऐकणाऱ्यांपैकी किती जण आपल्याकडे होते, तो वाटा. जाहिरातीच्या फलकावर 'नंबर एक' दिसलं की यातला कुठला आकडा, कुठल्या वयोगटाचा, कुठल्या वेळेचा, ते जरूर विचारा.

आणि त्या आकड्याची शेपटी विचारायला विसरू नका. समजा, पाचशे माणसांच्या नमुन्यात एका केंद्राला ५ टक्के पोच मिळाली. म्हणजे प्रत्यक्षात पंचवीस माणसं. नमुन्याच्या गणितानुसार खरा आकडा साधारण ३ ते ७ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. शेजारच्या केंद्राला ६ टक्के मिळाले, म्हणजे तीस माणसं, तर ते पुढे आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. तीच पाचशे माणसं वय, स्त्री-पुरुष, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून घेतली की एकेका खणात मोजकी डोकी उरतात. मग दोघांना ताप आला तरी आलेख कोसळतो. तरीही याच चढउतारांवर कार्यक्रम बंद होतात, निवेदक बदलले जातात. मला याचं वाईट वाटतं.

खरी अडचण लहान केंद्रांची आहे. साताऱ्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे, बारामतीला कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' आहे. ही सामुदायिक केंद्रं. नियमाप्रमाणे त्यांना १०० वॉटपर्यंत शक्ती वापरता येते आणि अँटेना ३० मीटरपर्यंत उंच लावता येतो. आवाज दहा-पंधरा किलोमीटर पोचतो. मध्ये डोंगर आला तर त्याहून कमी, कारण एफएमच्या लहरी बऱ्याचशा नजरेच्या रेषेत जातात. समजा, एवढ्या टापूत लाखभर माणसं राहतात. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २३ लाखांच्या पुढे होती. राज्यभरातून अगदी दहा हजार माणसांचा उत्तम नमुना घेतला, तरी या टापूतली त्यात येणार सुमारे नऊ. त्या नऊ जणांतल्या निम्म्यांनी रोज तेच केंद्र ऐकलं, तरी राज्याच्या तक्त्यात ते शून्याच्या इतकं जवळ दिसेल की छापताना गळून जाईल. ज्या वाडीत ते लागतं तिथे ते घरोघरी चालू असलं, तरी तक्त्यात शून्यच.

अशा केंद्रांनी मोठ्यांची मोजपट्टी उसनी घेऊ नये. आपल्या टापूचं पातेलं आपणच ढवळावं. याला यंत्र लागत नाही. आपल्या गावांची यादी करायची, चिठ्ठ्या टाकून गावं निवडायची, प्रत्येक गावात दर दहावं घर घ्यायचं. ओळखीचं घर नको, मुख्य रस्त्यावरचीच घरं नकोत, पलीकडची वस्ती सुटायला नको. मग भाकरीच्या वेळेला दार वाजवायचं आणि काल काय ऐकलं ते न विचारता, "आत्ता रेडिओ चालू आहे का? काय लागलंय?" एवढंच विचारायचं. स्मरणशक्तीचा प्रश्नच मिटतो. ही पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकापासून टेलिफोनवर वापरली जात होती. आपल्याकडे पायी वापरता येईल. चारशे घरं झाली तर चूक साधारण पाच टक्क्यांच्या आत राहते. एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून थोडी जास्त गावं आणि प्रत्येकातली थोडी कमी घरं घेणं बरं. दहा विद्यार्थी, दोन-तीन दिवसांचं काम.

रेडिओ बंद असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचा: का बंद आहे? सेल संपलेत. मोबाइलमध्ये रेडिओ आहे, पण इअरफोन तुटलाय, आणि त्या वायरशिवाय तो लागत नाही, कारण वायर हाच त्याचा अँटेना. सून कामाला गेलीय, बटण तीच लावते. टेकडीच्या अलीकडे येतं, आमच्या वस्तीवर नुसती खरखर. शेवटचं उत्तर चार घरांत मिळालं, की ती वस्ती नकाशावर खूण करून तंत्रज्ञाला दाखवायची.