मे महिन्यातलं विमान

जानेवारीत सकाळी १० अंशांच्या थंडीत एका दमात उठणारं रिमोटचं विमान मेमध्ये, ४५ अंशांच्या उन्हात, अर्धं मैदान धावलं तरी जमीन सोडत नाही. इंजिन तेच, पंखा तोच. फेरे मोजणारा टॅकोमीटर लावून पाहा, फेरेही जवळपास तेवढेच. बदललेली असते ती हवा. नागपूरच्या नवतप्यातली, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हातली हवा जानेवारीच्या त्या सकाळपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते. इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून ताकद घटते. पण विरळ हवा कापायला पंख्यालाही तेवढंच कमी बळ लागतं. हिशेब जुळतो आणि फेरे तेच राहतात. पंखा विमानाला पुढे खेचतो ती ओढ मात्र ११ टक्क्यांनी कमी झालेली असते, आणि तेच वजन उचलायला वेग ६ टक्के जास्त लागतो. नुसत्या फेऱ्यांच्या आकड्यावर भरवसा ठेवणारा इथे फसतो. मीही फसलोय.

पंख्यावर १०×६ असं छापलेलं असतं. १० इंच व्यास, ६ इंच पिच. लाकडात स्क्रू शिरावा तसा हा पंखा हवेत शिरला, तर एका फेऱ्यात ६ इंच पुढे जाईल. मिनिटाला ११,००० फेरे धरले तर ताशी १०० किलोमीटर. म्हणून ‘उन्हाळ्यात थोडा मोठा लावू’ असं वाटणं साहजिक आहे. पण पंख्याचा भार व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. तेवढ्याच फेऱ्यांना १० ऐवजी ११ इंची पंखा ४६ टक्के जास्त ताकद मागतो. व्यास वाढवायचा तर पिच उतरवावा, म्हणजे ११×५. वरचा वेग जातो, पण उठताना ओढ मिळते.

नीडलचं, म्हणजे इंजिनात जाणारं इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईचं प्रकरण जरा उफराटं आहे. ग्लो इंजिनात ठिणगी नसते. प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेने तापलेली राहते आणि पेटवण्याचं काम करते. त्यामुळे इंधन आणि हवेचं प्रमाण हेच सगळं काही. उन्हात हवा विरळ, म्हणजे त्याच नीडलवर मिश्रण आपोआप रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. एक-दोन क्लिक आत घ्यावी लागते. खरा धोका उलट्या बाजूला आहे. मेमधली नीडल न हलवता डिसेंबरच्या सकाळी उडवलं तर मिश्रण लीन होतं, म्हणजे इंधन कमी पडतं. इंधनातच वंगण असल्यामुळे तेही कमी पडतं आणि इंजिन तापून आवळतं. तपासायची जुनी रीत अशी: फुल थ्रॉटलवर इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरून सोडायची. आवाज किंचित चढून परत बसला तर ठीक. न चढताच मरगळला तर लीन.

आता माझी फजिती. कळमेश्वर रोडच्या पलीकडे, सोनेगाव विमानतळापासून बऱ्याच लांब, आम्ही एका रिकाम्या शेतात उडवतो. मागच्या उन्हाळ्यात मला वाटलं, रिसीव्हरची बॅटरी नाकात, इंजिनाजवळ तापत असणार. १५० ग्रॅमचा तो पॅक मी ३२ सेंटिमीटर मागे सरकवला. विमान २.४ किलोचं, म्हणजे तोल बरोबर २ सेंटिमीटर मागे गेला. मग पंखाखाली दोन बोटं धरून तोल पाहिला. अगदी आडवं राहिलं. समाधान वाटलं. टाकी गच्च भरलेली होती, ते डोक्यातच आलं नाही.

टाकी नाकात असते आणि तिच्यात २०० ग्रॅम इंधन. बॅटरीने केलेली चूक ते झाकून बसलं होतं. सात-आठ मिनिटं विमान छान उडालं. टाकी रिकामी होत गेली तसं शेपूट जड व्हायला लागलं. तोल पुढे असलेलं विमान टोकजड बाणासारखं असतं, वाऱ्याने नाक उचललं तरी आपसूक खाली येतं. तोल मागे सरकला की ही सवय कमी-कमी होत जाते. माझं विमान स्टिकला बोट लागताच उसळ्या मारायला लागलं. शेजारचं पोट्टं म्हणालं, “काका, हे असं कायले करून राह्यलं?” उत्तर द्यायच्या आत ते शेजारच्या वावरात, उभ्या वाळक्या पऱ्हाटीत गेलं. डावा पंख टोकाला फाटला, पंख्याचं एक पातं तुटलं.

बॅटरी आता परत नाकात आहे, फोममध्ये गुंडाळलेली. गरम हवा निघून जायला खाली एक भोक पाडलंय. पंखाखाली, पुढच्या काठापासून साडेआठ सेंटिमीटरवर, लाल स्केचपेनची रेघ आहे आणि तिच्याशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलंय: टाकी रिकामी.