टाइमलॅप्स 'ऑटो'वर ठेवा म्हणतात, तिथेच चुकतं

टाइमलॅप्स म्हणजे ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ. 'टाइमलॅप्सला कॅमेरा ऑटोवर ठेवा, उजेड तो सांभाळतो' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. दिवसाच्या चित्रीकरणाला तो चुकीचा आहे.

श्रावणात धुऱ्यावरून पऱ्हाटीवरचे ढग टिपताय असं समजा. ऊन-सावली बदलली की ऑटोमधला कॅमेरा प्रत्येक फोटोला नव्याने उजेड मोजतो. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा समतोल) हलतो, हिरवं शेत मध्येच पिवळसर होतं. फोटो जोडले की व्हिडिओ लुकलुकतो. खरी सावली सरकलेली दिसतच नाही, आणि तीच तर टिपायची असते!

म्हणून मॅन्युअल. ऊन पूर्ण असताना एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) ठरवा: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, शटर साधारण १/४०० सेकंद. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विन. फोकस एकदा साधून मॅन्युअल करा, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी सोय) बंद. ट्रायपॉडचे पाय काळ्या मातीत खचतात. खाली चपटे दगड द्या.

दर ५ सेकंदांना एक फोटो घ्या. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने १० सेकंदांच्या व्हिडिओला २५० फोटो, म्हणजे जवळपास २१ मिनिटं. १/४०० वर डोलणारी पानं झटके खातात. एनडी १००० फिल्टर (उजेड हजार पट कमी करणारी गडद काच) लावला की शटर अडीच सेकंदांवर येतं, दोन फोटोंमधल्या वेळेच्या बरोबर निम्मं, आणि हालचाल मऊ होते.

तरी किंचित लुकलुक उरली, तर दोष अ‍ॅपर्चरच्या पात्यांचा: दरवेळी ती तंतोतंत तेवढीच मिटत नाहीत. ही लुकलुक डीफ्लिकर सॉफ्टवेअरने (फोटोंमधला उजेड सारखा करणाऱ्या) जाते. सूर्यास्ताला मात्र उजेड सतत घटतो. तिथे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) वापरून नंतर डीफ्लिकर करणंच सोयीचं.